नोन खी लेक

लेख अकरा ओळींचा आहे.
मला त्याला गुण द्यायचेत:
अचूकता, समतोल, संदर्भ, चित्रं.
मून नदीच्या खोऱ्यातले असे चाळीस लेख,
महिनाअखेरपर्यंत. संग्रहालयाचा पंखा
दर फेऱ्याला एकदा कण्हतो.

दुसऱ्या ओळीत एक बाई पुरलेली आहे,
उजव्या मनगटात काशाची सात कडी.
तिथं ती मेली त्याला चार हजार वर्षं झाली.
नवव्या ओळीत तीच बाई, तीच कडी,
पुन्हा मरते
दीड हजार वर्षं उशिरा.
मधल्या सहा ओळी परदेशी प्राध्यापकाच्या:
त्याचं विद्यापीठ, त्याची जीप, त्याचा हिवताप.

अचूकता: पाचपैकी दोन.

चित्रातलं मडकं आमचं वाटेना,
म्हणून लेख छापून घेतला, मोटारसायकल काढली
आणि लुंग खाम्पुनकडे गेले.
त्या खोदकामावर तो सोळा वर्षांचा पोऱ्या,
दिवसाला बारा बाथ, भात ज्याचा त्यानं आणायचा.
कमरेच्या पंचाला त्यानं चष्मा पुसला,
कागद उन्हात धरला, मग पालथा करून
मागच्या बाजूनं पाहिला.
"आमचंच आहे. ही भेग बघ,
मीच चिकटवलेली. उलटं छापलंय तुमच्या लोकांनी."

माझे लोक कोण, ते मी विचारलं नाही.
लिहून घेतलं: चित्र उलटं.

"आणि हे काय? गावाचं नाव झाडावरून?"

खी लेक हे झाड आहे, यात वाद नाही,
पिवळ्या फुलांचं, कडू पाल्याचं.
पण खी म्हणजे विष्ठा आणि लेक म्हणजे लोखंड,
भट्टीतून निघताना लोखंड जे मागं टाकून जातं
ते काळं, फेस गोठल्यासारखं, हाताला जड कीट.
नोन म्हणजे उंचवटा.
"तू उभी आहेस ना, तो अख्खा त्याचाच."
पायाच्या अंगठ्यानं त्यानं एक ढेकूळ उकरलं
आणि माझ्याकडे ढकललं,
कोंबडीला दाणा सरकवावा तसं.

झाडाला संदर्भ आहे:
जिल्ह्याची माहितीपुस्तिका, पान एकतीस.
कीटाला नुसता खाम्पुन.
आणि खाम्पुनचंही काय खरं?
गेल्या साली सर्वेक्षणाच्या पोरांना
यानंच झाडाचं सांगितलं होतं. माझ्याकडे नोंद आहे.
विचारलं, तर म्हणाला,
"ती घाईत होती. झाड पटकन सांगून होतं."
मग थोडं थांबून,
"पुस्तिकेवाला मास्तरही घाईतच होता."

म्हणजे पान एकतीसही हाच.

त्याच्या बायकोनं, बुआलियननं,
त्याच झाडाच्या पाल्याची आमटी वाढली.
दोनदा उकळून पाणी ओतलेलं, तरी कडूच.
तिसऱ्यांदा उकळलं तर?
"तर मऊ होतो," ती म्हणाली, "मग कशाचाही पाला म्हण."
आम्ही तिघं जेवलो.
झाड अंगणातच होतं, उंचवट्याच्या टोकाला,
मुळं कीटात शिरलेली,
त्याच्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

रात्री टेबलावर परत अकरा ओळी.
बाईचं एक मरण मी खोडलं.
कुठलं, ते अजून पक्कं नाही; दोन्ही अहवाल
एकमेकांचा हवाला देतात.
समतोल: तीन. चित्रं: एक.
संदर्भाच्या रकान्यात लेखकाचं नाव हवं,
प्रकाशक हवा, साल हवं, पान हवं.
मी "खाम्पुन" एवढंच टाइप केलं आणि पुसलं,
परत टाइप केलं.

ते ढेकूळ कागदांवर ठेवलंय, पंख्यामुळे.
कपाटाच्या दारावरचं चुंबक काढून
त्याला लावून बघितलं.
धरतं. जरा वेळानं सोडतं.
परत लावलं की परत धरतं.

अजून एकोणचाळीस आहेत.